वाचक विचारतात : सायकलवरचा जीपीएस आणि न जुळणारे आकडे

प्रश्न : आम्ही दोघे मित्र दर रविवारी एकाच रस्त्याने, बहुतेक वेळ एकमेकांच्या मागेपुढेच सायकल चालवतो. माझ्या हँडलवर जीपीएस सायकल कॉम्प्युटर आहे, तर मित्र खिशातल्या मोबाइलवर नोंद ठेवतो. गेल्या फेरीत माझ्याकडे ६२.४ किलोमीटर अंतर आणि ५४० मीटर चढाई दिसली, त्याच्याकडे ६१.३ किलोमीटर आणि ७१० मीटर. उपग्रह तेच असताना एवढी तफावत का पडते? चाकाला सेन्सर लावला तर हा वाद मिटेल का?

उत्तर : उपग्रह तेच असले तरी तुम्ही किती अंतर कापले हे ते सांगत नाहीत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळ आणि स्वतःची जागा कळवत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश एकत्र करून ‘मी या क्षणी इथे आहे’ हे ठरवण्याचे काम तुमच्या हँडलवरचे यंत्र करते. असे ठिपके सरळ रेषांनी जोडत गेले की जे भरते, ते तुमचे अंतर. रस्ता मात्र सरळ नसतो. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने तुम्ही सेकंदाला आठ मीटरांहून थोडे अधिक पुढे सरकता; यंत्र दर सेकंदाला ठिपका ठेवत असेल तर घाटातले वळण बऱ्यापैकी गोल उमटते, पण बॅटरी आणि जागा वाचवण्यासाठी ते पाच-पाच सेकंदांनी ठिपका ठेवत असेल, तर दोन ठिपक्यांमध्ये चाळीस मीटर जातात आणि वळणाचा कोपरा सरळ कापला जातो. अंतर घटते ते असे. उलट, दाट झाडीत किंवा उंच भिंतींच्या कडेने जाताना संदेश आपटून येतात, ठिपके डावीउजवीकडे भरकटतात आणि सरळ रस्त्यावरही नागमोडी रेघ उमटून अंतर फुगते. पाठीच्या खिशातल्या मोबाइलला तर तुमच्या मित्राचे शरीरच आभाळाचा काही भाग झाकून टाकते. त्यामुळे ६० किलोमीटरमागे एखाद्या किलोमीटरचा फरक पडला, तर कोणाचेही यंत्र बिघडले आहे असे मी मानणार नाही.

सेन्सर अवश्य लावावा. झाडीत, बोगद्यात आणि अगदी हळू चालवतानाही तो चाकाचे फेरे इमानाने मोजतो. मात्र फेऱ्याला कशाने गुणायचे, तो चाकाचा परीघ यंत्राला बरोबर ठाऊक हवा. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरसाठी, ७०० सीच्या (रस्त्यावरच्या सायकलींच्या नेहमीच्या मापाच्या) चाकाला, २१०५ मिलिमीटर परीघ धरतात. २८ मिलिमीटरच्या टायरला तो २१३६ होतो. टायर बदलून आकडा जुनाच ठेवला, तर ६० किलोमीटरच्या फेरीत जवळजवळ ९०० मीटर हिशेबातून गायब होतात. अनेक यंत्रे जीपीएसच्या आधारे परीघ आपणहून ठरवतात, पण मला हाताने मोजलेलाच पसंत आहे. त्यासाठी हवा नेहमीइतकी भरावी, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करावी, सायकलवर बसून (वजनाने टायर दबला पाहिजे, म्हणून बसणे महत्त्वाचे) चाकाचे पाच फेरे सरळ पुढे जावे, पुन्हा खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर पाचाने भागावे. सेन्सर मागच्या चाकाला असेल, तर हेच मागच्या चाकावर करावे.

चढाईचा आकडा हे याहून नाजूक प्रकरण आहे. आपल्याला दिसणारे सगळे उपग्रह डोक्यावरच्या आभाळात असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे जीपीएसची उंचीतली चूक आडव्या दिशेतल्या चुकीपेक्षा मोठी असते. म्हणूनच बऱ्याच सायकल कॉम्प्युटरांत हवेचा दाब मोजणारा घटक बसवलेला असतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर गेल्यावर दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचे एकक) उतरतो, आणि हा बदल तो घटक फार बारकाईने टिपतो. गैरसोय अशी की हवामान बदलले तरी दाब बदलतोच. सकाळपासून दुपारपर्यंत तो तीन हेक्टोपास्कलने खाली आला, तर तुम्ही घरी परतता तेव्हा तुमचे अंगण यंत्राच्या मते पंचवीस मीटर उंच झालेले असते. यंत्राचे बारीक छिद्र पावसाच्या किंवा घामाच्या थेंबाने बुजले, तरी उंची भलतीकडे जाते. मोबाइलवरची काही ॲप्स नकाशातली उंची उचलतात. त्यांच्या हिशेबात दरीवरचा पूल ओलांडणारा सायकलस्वार दरीत उतरून पुन्हा वर चढलेला असतो! शिवाय दोन मीटरांचा उंचवटा चढ म्हणून धरायचा की सोडून द्यायचा, याचे नियम प्रत्येक निर्मात्याचे वेगळे आहेत. तुमच्या ५४० आणि मित्राच्या ७१० मध्ये मोठा वाटा बहुधा याच किरकोळ चढउतारांच्या बेरजेचा आहे.

तेव्हा तुमच्या यंत्रात दाबमापक असेल, तर चढाईच्या बाबतीत मी तुमच्या आकड्याच्या बाजूने झुकेन. अंतराचा निवाडा सेन्सर लावून, परीघ मोजून मगच करावा. स्वतःची प्रगती पाहताना मात्र या महिन्याची फेरी एका यंत्रावर आणि पुढच्या महिन्याची दुसऱ्यावर, असे करू नये.

प्रश्न : निघाल्यावर पहिला अर्धा किलोमीटर नकाशावरची माझी रेघ लोकांच्या घरांतून जाते. असे का होते?

उत्तर : तुम्ही घाई करता म्हणून. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि तो सलग ऐकू यावा लागतो. झाडाखालून, भिंतीआडून जाताना मध्येच तुटला, तर यंत्र पुढच्या खेपेची वाट पाहते. यंत्र उघड्या आभाळाखाली सुरू करावे आणि हेल्मेट घालून, टायर दाबून पाहीपर्यंत सायकल एका जागी उभी ठेवावी. निघण्याआधी यंत्र मोबाइलशी जोडले, तर अनेक यंत्रांना हा तपशील आधीच मिळतो आणि काम काही सेकंदांत होते. ‘सुरू’चे बटण जागा निश्चित झाल्यावरच दाबावे. ते दाबायलाच विसरण्याचा पराक्रम मी स्वतः एकदा पूर्ण १४ किलोमीटर केला आहे. तेव्हापासून चाक फिरताच इशारा देणारी सोय मी बंद केलेली नाही.

प्रश्न : ॲपवर चढवलेल्या फेऱ्या सर्वांना दिसतील अशा ठेवल्याने काही धोका आहे का?

उत्तर : आहे. रोजची रेघ जिथे सुरू होते आणि संपते, ते तुमचे घर असते आणि महागडी सायकलही तिथेच असते. फेऱ्यांची नोंद ठेवणारे ॲप चालवणाऱ्या स्ट्राव्हा या कंपनीने २०१७ मध्ये जगभरातल्या नोंदींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा पुढच्याच जानेवारीत त्यात लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळलेल्या दिसल्याचे लोकांच्या लक्षात आले होते. घराभोवतीचा काही भाग लपवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती पहिली फेरी चढवण्याआधी चालू करावी आणि जुन्या फेऱ्यांनाही ती लागू झाली आहे ना, हे एकदा दुसऱ्याच्या खात्यावरून तपासून घ्यावे.