गाळातला पट्टा

प्रश्न : मी पुण्यात जैवरसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, तिसरे वर्ष चालू आहे. गेले आठ महिने माझे प्रथिन जिवाणूंमध्ये तयार होते, पण विरघळत नाही. प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर त्याचा ठळक पट्टा दर वेळी गाळाच्याच, म्हणजे न विरघळलेल्या भागाच्या, रकान्यात दिसतो. आपली या कामाची लायकीच नाही, असे वाटू लागले आहे. सोडून द्यावे का?

उत्तर : तो पट्टा तुमच्या लायकीविषयी काहीही सांगत नाही. ई. कोलाय या जिवाणूमध्ये ३७ अंशांवर प्रथिन फार वेगाने तयार झाले, की अनेकदा त्याची घडी नीट बसत नाही आणि त्याचे न विरघळणारे गोळे होतात. ही या क्षेत्रातली नेहमीची अडचण आहे. वेग कमी करण्यासाठी जिवाणू १८ अंशांवर रात्रभर वाढवून पाहिले नसतील, तर आधी ते करा. तेही साधले नाही, तर एकटीने झुरत बसू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे जावे लागते; तिथे फसलेले प्रयोग तारखांसह मांडून दुसरा मार्ग विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. कमाल मुदत सहा वर्षांची आहे, त्यामुळे दिशा बदलायला वेळ आहे. मात्र प्रयोगशाळेच्या विचारानेच झोप उडत असेल, तर आधी समुपदेशकांना भेटा आणि सोडण्याचा निर्णय तोवर लांबणीवर टाका.