पंधरा सुटे भाग आणि लाल रंग

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे. विशेष शाळा संपल्यावर त्याला एका कार्यशाळेत नेले, तेव्हा केवळ बुद्ध्यांक पाहून ‘याला जोडणीचे काम जमणार नाही’ असे सांगण्यात आले. तुम्ही या सदरात मार्क गोल्ड यांचा उल्लेख केला होता. त्यांच्या कामाचा घरी काही उपयोग होईल का? (एक आई, मिरज)

उत्तर : मार्क गोल्ड (१९३९–१९८२) हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. लॉस एंजेलिसमध्ये विशेष मुलांना शिकवून ते पुढे इलिनॉय विद्यापीठात संशोधनाकडे वळले आणि तुमच्या मुलाला मिळाले तसेच उत्तर ज्यांना मिळत असे, त्यांच्यासाठीच त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. पेडल उलटे फिरवले की लागणारा सायकलचा ब्रेक त्यांनी मुद्दाम निवडला, कारण त्याच्या पंधरा सुट्या भागांची जोडणी धडधाकट माणसालाही पहिल्या खेपेस साधत नाही. हे भाग कप्प्यांच्या तबकात जोडणीच्या क्रमाने मांडलेले असत. काही जणांना दिलेल्या भागांवर, भाग योग्य रीतीने धरला असता जी बाजू शिकणाऱ्यासमोर येते, तेवढीच लाल रंगवलेली असे. मध्यम व तीव्र बौद्धिक अक्षमता असलेली मुले हा ब्रेक जोडायला शिकली, आणि रंगामुळे ती लवकर शिकली. १९७२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मुलगा शिकत नसेल तर शिकवण्याची रीत बदला, हे गोल्ड यांचे सांगणे मला फार मोलाचे वाटते. बुद्ध्यांकाच्या आकड्यावरून मुलाची मर्यादा ठरवणे त्यांना मान्य नव्हते. त्याला शिकवायला आपल्याला किती कसब पणाला लावावे लागेल, एवढाच प्रश्न ते विचारत.

घरी जेवणाच्या तीन पुडांच्या डब्यापासून सुरुवात करा. पुडे ओळीने मांडा आणि कडी लावताना प्रत्येक पुडाची जी बाजू त्याच्यासमोर यायला हवी, तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. बोलणे अगदी कमी ठेवा. चुकल्यास ‘दुसरी बाजू बघ’ एवढेच म्हणा, आणि तरीही अडला तर त्याचा हात हलकेच वळवा. गोल्ड वारंवार शाबासकीही देत नसत. शिक्षक गप्प आहे म्हणजे काम बरोबर चालले आहे, हे शिकणाऱ्याला कळत असे. हे पथ्य मला स्वतःला पाळायला सर्वांत अवघड गेले, पण आपण बोलायचे थांबलो की मुलाचे लक्ष आपल्या चेहऱ्यावरून हातातल्या वस्तूकडे जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

डबा जमला की त्याचे चित्रण घेऊन पुन्हा कार्यशाळेत जा आणि तिथलेच एखादे काम आठवडाभर शिकवून पाहण्याची विनंती करा. लगेच रोजगार मिळेल असे मी म्हणणार नाही, पण न शिकवताच दिलेला नकार तुम्ही मुळीच मान्य करू नका. कडी लावण्याशीच तो अडत राहिला, तर त्या पायरीचे दोन भाग करा: आधी फक्त कडी वर ओढणे, मग ती अडकवणे. ठिपके पुसण्याची घाई मात्र करू नका.