आधी तवा विचारा

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी सीलिएक (गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालण्याचा आतड्याचा आजार) असल्याचं निदान झालं. गहू पूर्ण बंद. घरी आता जमतं, पण नाताळच्या सुट्टीत चार दिवस गोव्याला यायचं ठरलंय आणि मला आत्तापासूनच धडकी भरली आहे. पणजी-म्हापशाकडे ग्लुटेन-फ्री जेवण देणारी हॉटेलं कशी शोधायची? आम्ही मासे खातो.
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, जरूर या. माझ्या मुलाला सातव्या वर्षी हेच निदान झालं. आता तो सोळा वर्षांचा आहे आणि आम्ही फोंड्याला राहतो. बाहेर जेवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तो मला चांगला ठाऊक आहे.

पाटीवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं हॉटेल शोधत फिरू नका. आमचं रोजचं जेवण म्हणजे उकड्या तांदळाचा भात, नारळ वाटून केलेलं हुमण, म्हणजे माशांची आमटी, आणि सोलकढी. यात मुळात गहू नाहीच. तो शिरतो तळलेल्या मासळीतून. गोव्यात मासे रव्यात घोळवून तळतात, आणि रवा म्हणजे गहूच.

हे मी फार वाईट पद्धतीनं शिकले. मुलगा नऊ वर्षांचा होता. किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये मी वेटरला विचारलं, “इसवणाला मैदा लावता का?” इसवण म्हणजे तुमची सुरमई. तो “नाही” म्हणाला, आणि ते खरंच होतं. मैदा नव्हता, रवा होता. पोरानं अर्धा तुकडा खाल्ला, तेव्हा त्याच्या बोटांना चिकटलेले पांढरे कण मला दिसले. रात्रभर उलट्या झाल्या. तेव्हापासून मी ‘ग्लुटेन’ हा शब्द हॉटेलात काढतच नाही. गहू, मैदा, रवा, कणीक, पाव, सोया सॉस अशी एकेक नावं घेते. गोव्यात बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकी बाहेरच्या राज्यांतले असतात, म्हणून ही यादी हिंदीतही लिहून ठेवा आणि चिठ्ठी थेट स्वयंपाकघरात पाठवा. मालक कोकणी असेल तर “रवो नाका” एवढं सांगितलं तरी त्याला लगेच कळतं.

पण रवा नको म्हणून भागत नाही, तवा विचारावा लागतो. सकाळपासून त्याच तव्यावर, त्याच तेलात रव्याचे बांगडे परतले असतील, तर तुमच्या लेकीचा तांदळाच्या पिठातला तुकडाही बाद. म्हणून आम्ही साडेअकरा-बारालाच जेवायला पोचतो. गर्दी नसते, तेल ताजं असतं, आणि तवा धुऊन घ्या म्हटलं तर कुणी वैतागत नाही. ते नाहीच जमलं तर तळलेलं सोडून द्या आणि हुमणातले मासे घ्या. मला विचाराल तर घरगुती खानावळ सगळ्यांत बरी. तिथं रांधणारी बाई समोर असते, तिच्याशी दोन शब्द बोलता येतात. फोंड्यातल्या आमच्या नेहमीच्या बाईंनी तर माझ्या मुलासाठी एक छोटा तवा खुंटीला वेगळा टांगून ठेवला आहे.

आसगाव, हणजुणे, मांद्रे या भागांतल्या कॅफेंमध्ये मेनूवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं दिसेल. तिथं एकच विचारा : हा केक आणि साधा पाव एकाच भट्टीत, एकाच ओट्यावर होतात का? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर मी उठते.

उडुपी हॉटेलात इडली चालेल, पण रवा इडली नाही. (इडलीचा रवा तांदळाचा असतो, रवा इडलीतला गव्हाचा. या घोळात पुष्कळ जण फसतात.) डोसा ज्या तव्यावर, त्याच तव्यावर बहुधा रवा डोसाही होतो. सांबारातला आणि वरणातला हिंगही विचारा, कारण बांधानी हिंगात सर्रास मैदा असतो. भाकरी तांदळाची किंवा नाचणीची असली, तरी पीठ गावच्या गिरणीतलं असेल तर आधी तिथं गहू दळलेला असतो. तुम्ही घरी ज्वारीचं पीठ वेगळं दळून घेत असाल, तर थोडं सोबत आणा. खोली स्वयंपाकघरासकट मिळाली तर फारच उत्तम. स्वतःचा छोटा तवा आणि हिंगाशिवायचा मसाला बॅगेत असू द्या.

गोडाचंही सांगते, कारण मुलं तिथंच हट्ट करतात. बेबिंक्यात मैदा, बाथ केकमध्ये रवा, दोन्ही बंद. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि गूळ यांचं असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतं, पण घेण्याआधी विकणारीला काय घातलंय ते विचाराच. पाकिटातल्या ‘नाचणी बिस्किटां’वर विसंबू नका, त्यांत बहुतेक वेळा गहू असतोच. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं हवं. आपल्याकडे नियमानं अशा पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

आणि एक, ताई. चुकून काही पोटात गेलं आणि तिला त्रास झाला नाही, तर ‘एवढं चालतं’ असं मनाशी धरू नका. काहींना वरून काहीच जाणवत नाही, आतडं मात्र आतून झिजत राहतं.

हे लिहिताना मुलगा शेजारीच बसला आहे. तो म्हणतो, तिला तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं नक्की खाऊ घाला. ओलं खोबरं, हळद, सोलं आणि तिसऱ्या. त्याला रवा लागत नाही, आणि तळणीचा तवाही नाही.