पेटीतल्या वह्या आणि पणजीचं नाव

प्रश्न : ताई, सलाम. आमच्या गावच्या ख्रिस्ती मंदिराचे पत्रे बदलायला काढले, तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. आत बाप्तिस्म्याच्या दोन नोंदवह्या, मंडळीच्या, म्हणजे गावच्या ख्रिस्ती सभासदांच्या, सभांचं मिनिट बुक आणि सभासदांची यादी आहे. एका वहीला वाळवी लागली आहे. पंचांपैकी काही जण लॅमिनेशन करा म्हणतात. शहरातले एक अभ्यासक वह्या घेऊन जायला तयार आहेत. पुण्या-मुंबईचे नातेवाईक म्हणतात, सगळी पानं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात पोरकी झाली आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढली. तिचं नाव या वह्यांत मिळत नाही. काय करावं?
– एक वाचक, नेवासे तालुका

उत्तर : सलाम. पहिलं हे सांगते, लॅमिनेशन करू नका. एकदा प्लास्टिक कागदाला चिकटलं की ते काढता येत नाही, आणि कागदातली ओल आतच कोंडते. माझे वडील पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू होते. मी कॉलेजात असताना त्यांच्या मंडळीच्या वहीची फाटलेली पानं मोठ्या हौसेनं सेलोटेपनं जोडून दिली होती. वीस वर्षांनी ती वही उघडली तेव्हा टेप पिवळी पडून सुटली होती आणि तिच्याबरोबर शाईही निघून आली होती. तीन कुटुंबांची नावं त्या पट्टीखाली गेली. ती पट्टी मी अजून जपून ठेवली आहे.

वाळवीची वही आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर उघडी ठेवा, आणि रंगकामाच्या मऊ ब्रशनं माती शिवणीकडून बाहेरच्या बाजूला हळूच झाडा. चिकटलेली पानं ओढू नका. मग मांजरपाट आणा, पण आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा, कारण खळीवर कसर येते. प्रत्येक वही वेगळ्या फडक्यात बांधा. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत, ती पद्धत आपल्या हवेला चांगली मानवते. कपाट जमिनीपासून वीतभर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटं ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून बघायचं काम मंडळीतल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम म्हटलं की कुणीच बघत नाही.

फोटो मोबाइलवर काढले तरी चालतील. खिडकीशी टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल पानाच्या बरोबर वर. पुठ्ठ्यापासून सुरुवात करून कोरी पानंसुद्धा घ्या, म्हणजे मधलं पान सुटलं का हे नंतर कळतं. प्रत्येक फोटोत वहीचं नाव आणि पान क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसू द्या. वहीवर काही लिहावंच लागलं तर शिसपेन्सिलीनं. एक प्रत मंडळीत, एक धर्मप्रांताच्या कार्यालयात, एक दुसऱ्या गावी ठेवा.

अभ्यासकांना येऊ द्या, मंदिरात बसून वाचू द्या, चहा पाजा. वही मात्र बाहेर देऊ नका. आमच्या एका मंडळीनं लग्नाचं रजिस्टर एका सद्गृहस्थांना महिनाभरासाठी दिलं होतं, ते परत आलं नाही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते वारले आणि घरच्यांनी रद्दी विकली. पास्टोरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, ठराव करून ‘मूळ वही मंदिराबाहेर जाणार नाही’ असं लिहून ठेवा. पाळकसाहेब बदलले तरी ठराव राहतो.

काही जण म्हणतील, हे सगळं परदेशात जपलेलंच आहे. पत्रं आहेत, हे खरं. तुमचं मंदिर अमेरिकन मराठी मिशनचं असेल तर मिशनरींनी बॉस्टनच्या मुख्य कचेरीला लिहिलेली पत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. एस.पी.जी. या अँग्लिकन मिशनचं असेल तर ते कागद ऑक्सफर्डला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात हे दोन्ही प्रवाह मिसळले, म्हणून आज पाटी एकच दिसते. आपलं मूळ कोणत्या मिशनचं हे आधी जुन्या माणसांना विचारा. १८४२ साली अहमदनगरहून सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंकही चाळा, मंडळ्यांच्या बातम्या त्यात मिळतात. पण मिशनरीच्या पत्रात बहुधा एवढंच असतं की अमक्या गावी सहा जण मंडळीत आले. ते सहा जण कोण, हे तुमच्या पेटीत आहे.

आता व्हॉट्सअ‍ॅप. सगळी पानं टाकू नका. जुन्या वह्यांत जातीचा रकाना असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. शिखांना त्या १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या. गावोगावच्या कुटुंबांनी पोटासाठी कागदावर आपला धर्म काय लिहून घेतला असेल, त्याचा न्याय आपण मोबाइलवर करू नये. ज्याच्या घरची नोंद त्याला मागितल्यावर जरूर द्या. शंभर वर्षांपूर्वीची नावं आणि तारखा यादी करून सगळ्यांना द्या. मिनिट बुकात मात्र कुणाला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीपासून, का दूर ठेवलं तेही लिहिलेलं असतं. मी एकात वाचलं आहे, एका विधवेनं मुलाच्या आजारात देवर्षी (मांत्रिक) बोलावला म्हणून तिला सहा महिने बंदी, आणि पुढच्या पानावर त्याच मुलाचं दफन. तिची पतवंडं आजही त्या गावात आहेत. असं पान मंदिरातच वाचायचं.

पणजीबद्दल. अनाथाश्रमातल्या मुलांचा बाप्तिस्मा सहसा आश्रम ज्या मंडळीला जोडलेला, तिथे होई. तेव्हा तुमच्या गावच्या वहीत १९०० साल शोधून उपयोग नाही. आश्रम कुठला हे घरात विचारा आणि तिथल्या मंडळीची वही बघा. तिथे तिला आडनाव नसेल, कदाचित बापाचं नावही नसेल. अशा एका वहीत त्या रकान्यात मी ‘दुष्काळात मयत’ एवढेच शब्द पाहिले आहेत, आठ मुलांपुढे ओळीनं, एकाच हातानं लिहिलेले. वयही अंदाजे घातलेलं, म्हणून दोन-चार वर्षं मागेपुढे धरा. लग्न होऊन ती तुमच्या गावी आली असेल तर तुमच्याकडच्या सभासदांच्या यादीत ‘पत्रावरून घेतले’ असा शेरा आहे का ते पाहा. दुसऱ्या मंडळीतून माणूस येई तेव्हा तिथल्या पाळकाचं पत्र आणी. शेऱ्यात त्या मंडळीचं नाव असेल, आणि पुढे नवऱ्याच्या नावानं तुमची पणजी असेल.