मुलांना घरीच शिकवताना खूप हसू आलेले किंवा अभिमान वाटलेले प्रसंग कोणते?

मुलगी १० वर्षांची आणि मुलगा ७ चा, दोघंही घरीच शिकतात. हसायचे प्रसंग रोजचेच आहेत, पण खरं सांगू का, बहुतेक वेळा हसं माझंच होतं.

मुलाला आकडे शिकवत होते. एकोण म्हणजे एक कमी, तीसला एक कमी म्हणून एकोणतीस, चाळीसला एक कमी म्हणून एकोणचाळीस, बघ किती सोपंय, घोकायची गरजच नाही. मी स्वतःवरच जाम खूश. तो धडाधड म्हणत सुटला, एकोणऐंशी झालं, एकोणनव्वद झालं, आणि शेवटी अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर! म्हटलं, अरे नव्याण्णव. म्हणे, का? "तूच सांगितलास ना नियम?" मी गप्प. रात्री शोधाशोध केली तर संस्कृतातच ९९ ला नवनवति म्हणतात, त्यावरून आपलं नव्याण्णव आलंय. सकाळी मोठ्या ऐटीत सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे चूक तेव्हापासूनची आहे होय." काय बोलणार!

आणि कोणी त्याला "कितवीत रे तू?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "गणितात तिसरीत, वाचनात चौथीत आणि अक्षरात बालवाडीत." समोरचा माणूस माझ्याकडे बघतो, मी दुसरीकडे बघते.

अभिमानाचं म्हणाल तर मुलीचा गणितातल्या 'पाय'चा (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) प्रयोग. ताटं, डब्यांची झाकणं, जे गोल दिसेल त्याला दोरा गुंडाळायचा, तो पट्टीवर मोजायचा आणि त्या वस्तूच्या व्यासाने भागायचं, म्हणजे दर वेळी ३.१४ च्या आसपास यायला पाहिजे. हिने हाताला लागली ती लोकर घेतली. ताट २० सेंमी, लोकर भरली ५८, उत्तर २.९. मला भाजी टाकायची घाई (आमच्याकडे गणिताचा तास स्वयंपाकघरातच असतो), म्हटलं अगं ३.१४ लिही आणि उरक. तर म्हणाली, "पण मला २.९ आलंय ना, मग ३.१४ कसं लिहू?" आणि बसली परत मोजत. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा कमीच. मग मधेच तिने लोकर दोन्ही हातांत धरून ओढली, सोडली, परत ओढली आणि ओरडलीच, "आई, ही ताटाभोवती लांब होते आणि पट्टीवर परत आखडते!" शिवायचा दोरा घेतला, ६३ आले, ३.१५.

मला स्वतःला शाळेत उत्तर आधी माहीत असायचं आणि रीडिंग मागाहून बनवायचो आम्ही, सगळेच बनवायचे, त्यामुळे तिच्यासमोर जरा ओशाळल्यासारखंच झालं. वहीत तिने ते २.९ खोडलेलं नाहीये, बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, "लोकर ताणली जाते. आई घाई करते."