ॲपील मंजूर झालं, हातात मात्र काही नाही

ताई, तुमचा ५,५०० चा आकडा वाचला आणि पोटात गोळा आला. तुम्ही वॉशिंग्टनमध्ये, लेकाला शेजारच्या राज्यातल्या स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन, फेब्रुवारीत मिस्टरांचा ले-ऑफ आणि एड, म्हणजे शिक्षणाची आर्थिक मदत, म्हणून फक्त ५,५०० डॉलरचं कर्ज. मदतीचा फेरविचार करा म्हणून ॲपील करायचंय, पत्र कसं लिहू, असं तुम्ही विचारलंय. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही न्यू जर्सीत जेवणाच्या टेबलावर कागद पसरून हेच करत होतो.

मी यातली तज्ज्ञ नाही. एक मुलगी, एक बाहेरच्या राज्यातली स्टेट युनिव्हर्सिटी, एवढाच अनुभव. लेक इथलीच जन्मलेली, म्हणून फॅफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरता आला. मूल एच-४ वर (आईवडिलांच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर फेडरल मदत मिळतच नाही, मग माझं पुढचं बरंचसं निरुपयोगी आहे.

पत्राची फार काळजी करू नका. एक पान पुरे. टर्मिनेशन लेटर, शेवटची पे स्टब, अनएम्प्लॉयमेंटचे कागद जोडा. रडगाणं नको, आकडे हवेत. फॅफ्सात तुमचं २०२४ चं उत्पन्न गेलंय, या वर्षी ते किती असेल एवढंच त्यांना कळायला हवं. आमच्या वेळी २०२३ चं गेलं होतं, आणि नेमक्या त्याच वर्षी नवऱ्याचे आरएसयू व्हेस्ट झाले होते, म्हणजे कंपनीने दिलेले शेअर हातात आले होते. कागदोपत्री आम्ही गडगंज. एसएआय, म्हणजे घर किती खर्च उचलू शकेल याचा फॅफ्सातून निघणारा आकडा, आला ६२,०००, म्हणजे वर्षाच्या एकूण खर्चापेक्षाही जास्त.

आता आमची घोडचूक. मार्चच्या मध्यात ॲपील टाकलं. तीन आठवडे पोर्टलवर "अंडर रिव्ह्यू". मी फोन करायचे, तर पलीकडून उत्तर यायचं, विद्यार्थिनीची लेखी परवानगी नसेल तर आईशी बोलता येत नाही. (फर्पा नावाचा कायदा आहे. मुलाकडून तो फॉर्म आजच भरून घ्या.) शेवटी लेकीने स्वतः फोन केला तेव्हा कळलं, फाइल व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे फॅफ्सातल्या माहितीच्या पडताळणीत, अडकलीये आणि ते झाल्याशिवाय ॲपील कुणी उघडतही नाही. सूचना तिच्या कॉलेजच्या ईमेलवर गेली होती. ते ईमेल तिने तोवर एकदाही उघडलं नव्हतं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण हीही खरी चूक नव्हे. २२ मेला निकाल आला. फोनवरची बाई अगदी आनंदाने म्हणाली, अभिनंदन, ॲपील मंजूर झालं! एसएआय ६२,००० वरून १९,००० वर आला होता. लेकीने पोर्टल उघडलं, मी चष्मा शोधून आणला. नवीन ऑफर: कर्ज, ५,५०० डॉलर. तेच! फरक एवढाच की त्यातले ३,५०० आता सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असेपर्यंत त्यावरचं व्याज सरकार भरणार. ६.३९ टक्क्यांनी नवऱ्याने तिथल्या तिथे हिशेब केला. वर्षाला सव्वादोनशे डॉलर. सव्वादोन महिन्यांची कमाई.

कारण विचारलं तर म्हणे, आमच्या युनिव्हर्सिटीच्या नीड-बेस्ड ग्रँट (गरज बघून दिलेले, परत न करायचे पैसे) फक्त राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. अहो मग हे मार्चमध्ये का नाही सांगितलं? तिघांशी बोललो होतो, तिघांनी "जरूर अर्ज करा" म्हणून सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही, पण आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तोवर १ मे, कॉलेज पक्कं करायची तारीख, उलटून गेला होता. घरापासून पंचवीस मिनिटांवरच्या आमच्या स्टेट युनिव्हर्सिटीतली जागा ॲपीलच्या आशेवर सोडून दिली होती. न्यू जर्सी सरकारची टॅग ग्रँट राज्यातल्याच कॉलेजांत चालते. मिळालीच असती असं नाही, पण ते दारही आम्हीच लावून घेतलं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी लेकाच्या ईमेलवरून एकच प्रश्न पाठवा: माझा एसएआय शून्य झाला, तरी आउट-ऑफ-स्टेट विद्यार्थ्याला युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या पैशातून ग्रँट मिळते का, आणि साधारण किती? उत्तर लेखी घ्या, फोनवर नाही. "नाही" आलं तर तिथे वेळ घालवू नका, असं माझं स्पष्ट मत. उत्पन्न खरंच अगदी तळाला गेलं असेल तर पेल ग्रँट, म्हणजे फेडरल सरकारची ग्रँट, बसू शकते, तेवढं मात्र तपासा. बाकी सरकारकडे तक्रार करून ॲपीलचा निर्णय फिरत नाही, युनिव्हर्सिटीचा शब्द शेवटचा.

बाहेरच्या राज्यातल्या मुलांना पैसा मिळतो तो बहुतेक मेरिटमधून, आणि ते टेबल वेगळं: ॲडमिशन ऑफिस, नाहीतर डिपार्टमेंट. तुम्ही पश्चिमेकडचे, तुम्हाला डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, पश्चिमेकडच्या राज्यांची फी-सवलत योजना) आहे. बसलं तर ट्यूशन इन-स्टेटच्या, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या फीच्या, जास्तीत जास्त दीडपट. सगळ्या कॉलेजांत, सगळ्या मेजरला नसतं आणि काही ठिकाणी जागा लवकर संपतात, तेव्हा उद्याच विचारा. पॅरेंट प्लसवर, म्हणजे पालकांनी घ्यायच्या फेडरल कर्जावर, भिस्त ठेवणार असाल तर १ जुलै २०२६ पासून नवीन कर्जाला एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० ची मर्यादा लागतेय. चार वर्षांचा हिशेब आत्ताच करा.

आणि मंडळातला कुणीतरी हमखास सांगेल, "एक वर्ष राहू दे, दुसऱ्या वर्षी इन-स्टेट होऊन जाईल." आम्हालाही गणपतीत आरतीच्या रांगेत एकाने सांगितलं होतं. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचं रेसिडेन्सी बहुतेक ठिकाणी पालकांच्या पत्त्यावरून ठरतं. तुम्ही घर हलवणार नसाल तर विसरा.

लेक तिथेच शिकतेय. ५२९, म्हणजे शिक्षणासाठीचं बचत खातं, संपत आलंय. पुढच्या वर्षी डॉर्ममध्ये आरए (रेसिडेंट असिस्टंट, मुलांवर देखरेख ठेवणारी विद्यार्थिनी) व्हायचा अर्ज केलाय तिने, राहणं-जेवण सुटेल म्हणून. मैत्रिणीने घाबरवलं की आरए झालीस तर एड कापतात. ती हसून म्हणाली, कापायला आहे काय आमच्याकडे.