अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरील महाभियोगात सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी असतात, मग निकाल ते का देत नाहीत?

कारण खुर्चीवर सरन्यायाधीश बसले तरी न्यायालय सिनेटचंच, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचंच असतं. मग अमेरिकेने त्यांना तिथं बसवलंच कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. एरवी सिनेटचे अध्यक्ष म्हणजे उपराष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष दोषी ठरले तर त्यांच्या जागी येणारेही तेच. त्यांच्याच हाती खटल्याची सूत्रं देणं कुणालाही पटलं नसतं, म्हणून राज्यघटनेने एवढ्या एका खटल्यापुरती ती जागा सरन्यायाधीशांना दिली. (आपल्याकडे राष्ट्रपतींच्या महाभियोगाचं कलम ६१ आहे, त्यात न्यायाधीशाला अशी जागाच नाही.)

तिथं बसून ते हरकती ऐकतात, पुरावा घ्यायचा की नाही ते सांगतात. पण एखाद्या सिनेटरने मतदान मागितलं की साध्या बहुमताने तो निर्णय फिरवता येतो. १८६८ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर मुख्य आरोप होता युद्धमंत्र्यांना कायदा मोडून काढल्याचा. हा कायदा घटनाबाह्य आहे असा सल्ला मंत्रिमंडळानेच दिला होता, हे बचाव पक्षाला नौदलमंत्री गिडियन वेल्स यांच्या तोंडून सांगायचं होतं. सरन्यायाधीश सॅल्मन चेस यांनी ती साक्ष ग्राह्य धरली, सिनेटने ती मतं घेऊन नाकारली. आरोपीची बाजूच ऐकायची नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात; जॉन्सन वाचले ते अवघ्या एका मताने: ३५ विरुद्ध १९.

त्याच खटल्यात कामकाजाच्या प्रश्नांवर दोनदा समसमान मतं पडली आणि चेस यांनी स्वतःचं मत टाकलं. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांना विचारलं गेलं, तशी वेळ आली तर तुम्ही मत द्याल का? त्यांनी नाही म्हटलं. आपण निवडून आलेलो नाही, त्यातून शासनाच्या दुसऱ्या शाखेतले, तेव्हा सिनेटचा निकाल आपण बदलणं योग्य नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. पण याच रॉबर्ट्स यांनी आदल्या दिवशी सिनेटर रँड पॉल यांचा प्रश्न वाचायला नकार दिला होता, कारण ज्याच्या तक्रारीवरून हे प्रकरण सुरू झालं तो निनावी तक्रारदार म्हणून त्यात एका व्यक्तीचं नाव होतं. नियमात लिहिलेल्या अधिकारांपेक्षा खुर्चीवरच्या माणसाचा शब्द कधीकधी असा जड ठरतो.

२०२१ च्या दुसऱ्या खटल्यापर्यंत ट्रम्प पायउतार झाले होते, त्यामुळे रॉबर्ट्स आलेच नाहीत. ज्येष्ठ सिनेटर पॅट्रिक लेही अध्यक्षस्थानी बसले आणि सिनेटर या नात्याने त्यांनी दोषी असं मतही दिलं. नियमात ते बसत होतं, पण मला ते खटकलं.